रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू होताना: गाडी, ऑक्सिजन, सायरन आणि सफाई

रुग्णवाहिकेवर नवीन आलेल्या माणसाचं लक्ष आधी वेगाकडे जातं. जरा हिशेब करून पाहा. दहा किलोमीटर अंतर ताशी ६० ने कापायला १० मिनिटं लागतात, ताशी ८० ने साडेसात. सगळा रस्ता मोकळा मिळाला तरी वाचली अडीच मिनिटं. चौक, वळणं आणि गर्दी धरली तर त्याहूनही कमी. उलट बॅटरी उतरलेली असेल, स्ट्रेचरचा लॉक अडकला किंवा सिलिंडर रिकामा निघाला, तर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. तेवढा वेळ कोणताही चालक रस्त्यावर भरून काढू शकत नाही. म्हणून सुरुवात उभ्या गाडीपासून.

पाळी सुरू होताना

आधीच्या पाळीतल्या माणसाला दोन प्रश्न विचारा: गाडीत काय बिघडलंय, आणि सामानातलं काय वापरलं गेलंय? उत्तर ‘सगळं ठीक आहे’ असं आलं तरी तपासणी पूर्णच करायची. क्रम रोज तोच ठेवा: चालकाच्या दारापासून गाडीभोवती एक फेरी, मग बॉनेट, मग केबिन, शेवटी मागचा कक्ष. मध्येच कॉल आला तर तपासणी कुठे सुटली हे क्रम ठरलेला असेल तरच आठवतं.

टायरमधली हवा गाडी थंड असतानाच मोजा. धावून आलेल्या गाडीत दाब वाढलेला दिसतो आणि कमी हवा लपून जाते. हवा किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायची नसते. मागे जोडटायर असतील तर आतला टायर गेज लावूनच तपासा. बाहेरचा टायर भार पेलत असतो, त्यामुळे आतला बसलेला असला तरी नुसत्या नजरेला किंवा लाथ मारून कळत नाही. दोन टायरांमध्ये अडकलेला दगड त्याच वेळी काढा. नक्षीची खोली ३ मिलिमीटरवर आली की टायर बदलायला घ्या. १.६ मिलिमीटर ही अनेक ठिकाणची कायदेशीर किमान मर्यादा आहे, पण साचलेलं पाणी कापायला ती अपुरी पडते. ही गाडी बराच वेळ पूर्ण भारासह एका जागी उभी असते, म्हणून नक्षी शाबूत असतानाच टायर जुना होऊ शकतो. बाजूवर चार अंकी शिक्का असतो: २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. बाजूला बारीक तडे दिसू लागले तर नक्षीकडे पाहत बसू नका. चाक काढून बसवलं असेल तर ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. नटापासून बाहेर पसरलेले गंजाचे ओघळ दिसले तर तो नट ढिला असल्याची शंका घ्यायची.

बॉनेटखाली इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि बेल्ट पाहा. गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उकळून अंगावर येतं. ब्रेक ऑइलची पातळी उतरण्याची कारणं दोनच: ब्रेक पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. न पाहता नुसतं ऑइल भरलं तर दोष झाकला जातो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ओलाव्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर पेडल अचानक मऊ पडतं. बहुतेक गाड्यांना ते दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. उतारावर खालचा गिअर वापरायची सवय याच कारणासाठी लावून घ्या.

बॅटरीकडे या गाडीत वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. बहुधा दोन बॅटऱ्या असतात: एक इंजिन सुरू करायला, दुसरी मागच्या कक्षातल्या उपकरणांसाठी. काही तास विश्रांती मिळालेली बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.६ किंवा त्याहून जास्त दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.० म्हणजे जवळजवळ संपलेली. ती आज गाडी सुरू करेल, पण उद्याचा भरवसा नाही. इंजिन चालू करून दिवे, एसी आणि इन्व्हर्टर लावा. साध्या अल्टरनेटरवर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. भार टाकताच आकडा तेराच्या खाली उतरला तर बेल्ट, अल्टरनेटर आणि अर्थिंगची वायर, याच क्रमाने शोधा. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी आणि चॅसिसला गंजून सुटत आलेली अर्थिंग यांमुळेही चांगली बॅटरी मेल्यासारखी वागते. केंद्रावर गाडी चार्जिंगला लावत असाल तर प्लग लावलेला असताना किल्ली प्लगजवळच टांगा. किल्ली हातात आली की प्लग निघालाच पाहिजे. नाहीतर घाईत वायर तोडून गाडी बाहेर पडते.

केबिनमध्ये सीट, आरसे, पट्टा, वायपर, हॉर्न. सायरन क्षणभर वाजवून पाहा. बाहेरचे सगळे दिवे दुसऱ्या माणसाला समोर आणि मागे उभं करून तपासा. गाडीची उंची आणि एकूण वजन डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेलं असावं, कारण कमी उंचीच्या पुलासमोर आठवायला वेळ नसतो. इंधन अर्ध्या टाकीखाली जाऊ द्यायचं नाही. धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचं द्रावण लागणाऱ्या डिझेल गाडीत युरियाची टाकीही त्याच वेळी पाहा. ती रिकामी झाली की इंजिनची ताकद कमी होते, आणि अनेक गाड्या एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत. युरिया चुकून डिझेलच्या टाकीत ओतला गेला तर किल्ली फिरवायचीच नाही. टाकी रिकामी करून घ्यावी लागते.

ऑक्सिजन: काटा नको, मिनिटं वाचा

सिलिंडर ‘अर्धा आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. किती मिनिटं पुरेल ते काढता आलं पाहिजे. सिलिंडरवर त्याची पाणी-क्षमता, म्हणजे आत किती पाणी मावेल ते, लिटरमध्ये कोरलेली असते. ती गेजवरच्या बारने (बार हे दाबाचं एकक) गुणली की आतला वायू लिटरमध्ये मिळतो. तळातले २० बार राखीव समजून आधीच वजा करा.

१० लिटर क्षमतेचा सिलिंडर १५० बारवर असेल तर (१५० − २०) × १० = १३०० लिटर. मिनिटाला १० लिटर प्रवाहावर १३० मिनिटं, १५ लिटरवर साधारण ८६. तोच सिलिंडर ६० बारवर आला की वापरता येण्यासारखे उरतात ४०० लिटर, म्हणजे १५ च्या प्रवाहावर जेमतेम २६ मिनिटं. हातात न्यायचा २ लिटरचा छोटा सिलिंडर पूर्ण भरलेला असला तरी १५ च्या प्रवाहावर १७ मिनिटांत संपतो. जिन्यावरून उतरवताना रुग्ण त्याच सिलिंडरवर असतो, हे ध्यानात ठेवून निघा. प्रवासाला लागेल त्याच्या दुप्पट ऑक्सिजन गाडीत असावा. अडलेला रस्ता आणि रुग्णालयाच्या दारातली वाट पाहणं त्यातच भागतं.

सिलिंडर बदलताना:

१. हात कोरडे आणि तेलविरहित हवेत. सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण वाळू द्या. ग्रीस, तेल, व्हॅसलीन यांचा व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटरशी (सिलिंडरचा दाब कमी करून देणारा भाग) संबंधच येता कामा नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतात.

२. जुन्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, फ्लोमीटर (मिनिटाला किती लिटर जायचं ते ठरवणारा भाग) उघडून रेग्युलेटरमधला दाब काढून टाका, मगच रेग्युलेटर सोडवा.

३. नव्या सिलिंडरचं तोंड कुणाकडेही नाही हे पाहून व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करा. तोंडाशी बसलेली धूळ उडून जाते.

४. वॉशर एकच, योग्य मापाचा, न तडकलेला. दोन वॉशर किंवा प्लंबिंगची टेप लावून गळती थांबवायची नाही.

५. रेग्युलेटर बसवा, फ्लोमीटर बंद ठेवा, बाजूला उभं राहून व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. झटक्यात उघडला तर वायू एकदम दाबला जाऊन तापतो आणि आत जराशीही घाण असेल तर तिथेच ठिणगी पडते.

६. व्हॉल्व्ह बंद करून पाच मिनिटं गेजकडे पाहा. काटा उतरला तर गळती आहे.

सिलिंडर नेहमी ब्रॅकेटमध्ये घट्ट आवळलेला असावा. स्ट्रेचरवर रुग्णाच्या पायांमध्ये ठेवून नेण्याची पद्धत सोडून द्या. वापर नसताना मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवा, कारण बंद कक्षात हळूहळू साठलेल्या ऑक्सिजनमुळे चादर आणि कपडेसुद्धा झपाट्याने पेटतात. डिफिब्रिलेटरने, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राने, शॉक देताना ऑक्सिजनचा मास्क रुग्णाच्या छातीपासून किमान एक मीटर लांब ठेवायचा, त्याचंही कारण हेच.

मागच्या कक्षातली बाकीची यंत्रं

सक्शन यंत्राची (रुग्णाच्या तोंडातला-घशातला स्राव ओढून घेणारं यंत्र) नळी बोटांनी दाबून धरा आणि यंत्र चालू करा. चार सेकंदांत ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत निर्वात दाब चढला पाहिजे. चढत नसेल तर बहुतेक वेळा बरणीचं झाकण नीट बसलेलं नसतं किंवा फिल्टर ओला झालेला असतो. मोटरकडे सगळ्यात शेवटी वळा. डिफिब्रिलेटरची स्व-चाचणी, बॅटरी, मोठ्यांचे आणि लहान मुलांचे पॅड, पॅडच्या पाकिटाची मुदत रोज पाहायची. पाकीट फुटलेलं असेल तर मुदत शिल्लक असूनही पॅड बाद, कारण आतली जेल सुकते. उन्हात उभ्या गाडीतला कक्ष प्रचंड तापतो. औषधांची मुदत पाहतानाच ती कोणत्या तापमानाला ठेवायची आहेत तेही वाचा.

आता सैल सामानाविषयी. रुग्णवाहिकांच्या युरोपीय मानकात, ईएन १७८९ मध्ये, उपकरणांचे ब्रॅकेट गुरुत्वाकर्षणाच्या दहापट झटका सोसतील अशी अट आहे. म्हणजे धडकेच्या क्षणी १२ किलोचा मॉनिटर १२० किलो वजनाच्या जोराने ब्रॅकेट ओढतो. तो बाकावर नुसता ठेवलेला असेल तर समोर रुग्णाचं डोकं किंवा सहकाऱ्याची पाठ असते. गाडी हलण्याआधी प्रत्येक वस्तूला तिची पकड मिळालेली असली पाहिजे. सुईंचा डबा पाऊण भरला की बदला.

स्ट्रेचर आत ढकलल्यावर ‘टक्’ असा आवाज आला म्हणजे तो लॉक झाला असं गृहीत धरू नका. हाताने जोरात मागे ओढून पाहा. चाकांच्या खोबणीत साचलेली वाळू आणि वाळलेलं रक्त यांमुळे पकड अर्धवट बसते. रुग्णाला पोटावर आणि पायांवर पट्टे बांधले जातात, खांद्यांवरचे मात्र हमखास राहतात. करकचून ब्रेक लागला की रुग्ण स्ट्रेचरवरून डोक्याच्या दिशेने, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला सरकतो, आणि त्याला अडवणारे तेवढे खांद्याचेच पट्टे असतात. ते लावल्याशिवाय निघू नका. खडबडीत जमिनीवर स्ट्रेचर खालच्या उंचीवर ठेवा, दोघं दोन टोकांना राहा, आडवा ओढू नका. उंच केलेला स्ट्रेचर बाजूने ओढला की सहज कलंडतो.

रस्त्यावर

कॉल मिळाल्यावर पत्ता, ओळखीची खूण आणि परत फोन करायचा क्रमांक लिहून घ्या. नकाशा, रेडिओ आणि फोन बाजूला बसलेल्याकडे. चालकाने यातलं काहीच हाताळायचं नाही. सगळ्यांचे पट्टे लागल्यावरच गिअर टाका. थंड इंजिनला पहिले दोन-तीन मिनिटं जोर लावू नका, टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचायला वेळ लागतो.

कोरड्या रस्त्यावर, दीड सेकंद प्रतिक्रियेला धरून, ताशी ६० वेगातली गाडी थांबायला साधारण ४५ मीटर लागतात, ८० ला ७० मीटर, १०० ला जवळपास १०० मीटर. ओल्या रस्त्यावर यात बरीच भर पडते. ही गाडी उंच आणि वर जड असते, त्यामुळे वळणावर ती गाडी घसरायच्या आधी कलंडायला लागते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. वाहतं पाणी ३० सेंटिमीटर खोल असलं तरी हलक्या मोटारी तरंगवतं आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक वाहनं ओढून नेतं. आपली गाडी जड आहे या भरवशावर पाण्यात घालू नका. दुसरा रस्ता शोधा आणि नियंत्रण कक्षाला कळवा.

सायरन ही विनंती असते. समोरच्याने ती ऐकली आहे याची खात्री त्याच्या गाडीची हालचाल पाहूनच होते. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, आणि काचा बंद करून गाणी लावलेल्या गाडीत तो आणखी दबतो. तुमचा वेग जितका जास्त, तितका समोरच्याला ऐकून बाजूला व्हायला वेळ कमी. मोकळ्या रस्त्यावर लांब चढउताराचा सूर ठेवा, चौकाच्या थोडं आधी जलद सुरावर बदला. सूर बदलला की माणसं मान वळवून पाहतात. सायरन चालू असताना स्वतःच्या काचाही बंद ठेवा. वर्षानुवर्षांच्या आवाजाने कान कायमचे बधिर होतात.

सगळ्यात धोक्याची जागा चौक. सिग्नल तुमच्या विरुद्ध असेल तर पूर्ण थांबा. मग एकेक लेन मोकळी करत पुढे सरका: जवळच्या लेनमधला चालक थांबलाय आणि त्याची नजर तुमच्यावर आहे हे पाहायचं, तेवढीच लेन ओलांडायची, पुन्हा पुढची. थांबलेल्या बसच्या किंवा ट्रकच्या आडून येणारी दुचाकी दिसत नाही आणि तिच्या चालकाला तुम्हीही दिसत नाही. दोन रुग्णवाहिका एकामागून एक जात असतील तर मागच्या गाडीने बरंच अंतर ठेवून वेगळा सूर वाजवावा. लोक पहिली गेली की रस्ता मोकळा झाला असं समजून निघतात.

रुग्ण आत आल्यावर गाडी वेगळ्या पद्धतीने चालवायची. गतिरोधक, खड्डा, वळण येण्याआधी मागे मोठ्याने सांगा; सुई हातात असलेल्या सहकाऱ्याला ते दोन शब्द लागतात. सायरन लावूनच जायचं की नाही हे रुग्णाची अवस्था पाहून ठरवा. बहुतेक रुग्णांना झटके न देणारी, एका लयीत चालवलेली गाडी जास्त उपयोगी पडते. नातेवाइकांना रुग्णालयाचं नाव आणि पत्ता द्या आणि आपल्या मागोमाग वेगाने येऊ नका असं स्पष्ट बजावा. तुमच्यासाठी थांबलेला चौक त्यांच्यासाठी थांबत नाही.

घटनास्थळी उभं राहणं आणि मागे घेणं

पोहोचल्यावर लगेच दार उघडू नका. धूर, सांडलेलं इंधन, तुटून पडलेली वायर, वाऱ्याची दिशा पाहा. आग किंवा गळती नसलेल्या अपघातातही साधारण ३० मीटरवर थांबा. वायू किंवा रसायनाचा संशय असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, उंचावर आणि बरंच लांब. वायर पडलेली असेल तर वीज बंद झाल्याचं वीज खात्याकडून कळेपर्यंत जवळ जायचं नाही. गाडी अशी लावा की निघताना पुढच्या बाजूने निघता येईल, आणि पुढची चाकं काम करणाऱ्यांपासून दूर वळवलेली असतील. रात्री समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर जाणारे हेडलाइट विझवा. पांढरे लखलखणारे दिवेही कमी करा; दिपलेल्या चालकाला रस्त्यावर वाकलेला माणूस दिसत नाही.

गाडी मागे घेताना एकच माणूस खाली उतरून, चालकाच्या बाजूच्या आरशात दिसेल असा मागे उभा राहतो. तो आरशातून दिसेनासा झाला त्या क्षणी गाडी थांबली पाहिजे. काच खाली, सायरन बंद. मागचा भाग चाकांच्या बराच मागे असल्याने वळताना तो बाहेर झेपावतो. भिंतीलगत उभी गाडी काढताना आधी सरळ पुढे या.

इंजिन चालू ठेवून मागची दारं उघडी ठेवली किंवा मागची काच उघडी ठेवून गाडी चालवली तर एक्झॉस्टचा धूर आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि साधा पल्स ऑक्सिमीटर त्याने व्यापलेलं रक्तही ऑक्सिजनचंच समजून आकडा चांगला दाखवतो. कक्षात त्याचा गजर करणारं यंत्र बसवून घ्या. दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर दारं उघडा, बाहेर पडा, आणि सायलेन्सरचे जोड तपासून घ्या.

परत आल्यावर

आधी धुणं, मग निर्जंतुकीकरण. हा क्रम उलटा केला तर रक्ताच्या थराखालच्या जंतूंपर्यंत औषध पोहोचत नाही. हातमोजे घाला, दारं उघडून हवा खेळती करा, सांडलेलं रक्त टिपणाऱ्या कापडाने उचला, साबणाच्या पाण्याने पुसा. त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइट. ५ टक्क्यांच्या द्रावणाचा १ भाग आणि ४९ भाग पाणी मिळून ०.१ टक्का होतं. हे रोजच्या पृष्ठभागांसाठी. १ भाग आणि ९ भाग पाणी मिळून ०.५ टक्के, हे रक्त सांडलेल्या जागेसाठी. पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे, लगेच पुसून टाकलं तर उपयोग नाही. द्रावण रोज ताजं करा आणि त्यात अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेलं कोणतंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. धातू गंजतो म्हणून नंतर साध्या पाण्याने पुसा. मॉनिटरवर थेट फवारायचं नाही, ओलसर कापडाने आणि उत्पादकाने सांगितलेल्या द्रवानेच पुसायचं. दारांच्या मुठी, पट्ट्यांची बकलं, स्टिअरिंग, रेडिओचा माइक आणि छताची पकडदांडी या जागा नेहमी सुटतात.

सर्व्हिसिंग

फक्त किलोमीटरवर अवलंबून राहू नका. ही गाडी तासन्‌तास उभी राहून चालू असते. एक तास आयडलिंग म्हणजे इंजिनसाठी साधारण ४० ते ५० किलोमीटर धावण्याइतकी झीज धरली जाते. तासांचा मीटर असेल तर त्याचीही नोंद ठेवा आणि उत्पादकाच्या पुस्तिकेतलं ‘कठीण वापरा’चं वेळापत्रक पाळा. सतत आयडलिंगमुळे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर काजळीने भरतो. त्याचा दिवा लागला तर रस्ता मोकळा असताना, रुग्ण नसताना, पुस्तिकेत दिलेल्या वेगाने गाडी पळवून तो साफ होऊ द्या; दिवा लागलेला असताना आठवडाभर तशीच चालवली तर फिल्टर बदलण्याची वेळ येते. जोरात धावून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटं चालू ठेवा, म्हणजे टर्बो थंड होतो.

पुढच्यांपैकी एक जरी दोष असेल तर गाडी कॉलसाठी घ्यायची नाही: ब्रेकचं पेडल मऊ किंवा खाली जाणारं, स्टिअरिंगमध्ये जास्तीचा खेळ, टायरच्या बाजूला फुगवटा, स्ट्रेचरचा लॉक धरत नाही, ऑक्सिजनची गळती, सायरन किंवा वरचे दिवे बंद, डिफिब्रिलेटरची चाचणी नापास. तोंडी सांगून चालत नाही. वहीत तारीख, वेळ, मीटरचा आकडा आणि नेमका दोष लिहा: ‘ब्रेक बरोबर नाही’ असं नको, ‘दुसऱ्यांदा दाबल्यावर धरतो, डावीकडे ओढतो’ असं लिहिलं की मेकॅनिकला कुठून सुरू करायचं ते कळतं. दुरुस्ती झाल्यावर त्याच ओळीसमोर काय बदललं ते लिहून घ्या, आणि गाडी रुग्णाशिवाय एकदा चालवून पाहिल्यावरच गाडीवरचा ‘बंद’ असा टॅग काढा.

सलग १७ तास जागा असलेला माणूस गाडी चालवताना रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या चालकाइतकाच मंदावलेला असतो. बंद ठेवायच्या दोषांच्या यादीत चालकाची झोपही धरा, आणि ती असेल तर पर्यायी चालक मागा.